बाटलीबंद गैरसमज

आधी एक खुलासा करून टाकतो, नाहीतर शीर्षकाखालचा विषय कळताच कुणीतरी हे मासिक उघडून रेक्टर सरांच्या टेबलावर ठेवायचं. महाराष्ट्रात बिअर प्यायला कायद्याने वयाची २१ वर्षं पूर्ण व्हावी लागतात, कडक दारूला २५. मी आहे २० चा. आणि आपल्या होस्टेलात तर वयाचा प्रश्नच येत नाही, रूममध्ये बाटली सापडली की सरळ घरी फोन! तेव्हा हा लेख 'प्यायची कशी' याबद्दल नाही. बाटलीत बंद झाल्यावर बिअरचं नेमकं काय होतं आणि आपल्याला काय होतं असं वाटतं, एवढाच विषय आहे.

तो डोक्यात आला इंडस्ट्रियल व्हिजिटमुळे. आम्हा टी. ई. केमिकलच्या पोरांना वाळूजच्या एका ब्रुअरीत नेलं होतं. दोन-अडीच तास बॉटलिंग लाइन बघितली, तिथल्या इंजिनिअर साहेबांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. (चव घ्यायला काहीही मिळालं नाही, बिस्किटं आणि चहा मिळाला.) परतीच्या बसमध्ये मागच्या सीटवर जो 'सेमिनार' रंगला, तो ऐकून मात्र वाटलं की थर्मो, मास ट्रान्सफर, फिजिकल केमिस्ट्री हे सगळं आपण फक्त पेपरात लिहिण्यासाठीच शिकतो की काय! ज्याने बिअरची बाटली आयुष्यात हातात धरलेली नाही त्याचंही मत ठाम. पुरावा सगळ्यांचा एकच, 'माझ्या चुलतभावाने स्वतः बघितलंय.'

आणि हो, भाषेचं. पहिलीपासून कॉन्व्हेंटात काढल्यामुळे 'पार्शियल प्रेशर'ला 'आंशिक दाब' म्हणायला जीभ वळत नाही. आपण लॅबमध्ये जो शब्द बोलतो तोच इथे ठेवला आहे. संपादक मंडळाने गोड मानून घ्यावं.

तर सगळ्यात लाडका गैरसमज ग्लिसरीनचा. बिअर टिकावी म्हणून कंपन्या तिच्यात ग्लिसरीन घालतात आणि ते आधी 'काढून' टाकावं लागतं, असं तुम्हीही ऐकलं असेल. काढायची कृती ठरलेली आहे. बूच उघडायचं, तोंडावर अंगठा दाबायचा, बाटली उलटी करून तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवायचं आणि अंगठा हळूच बाजूला करायचा. बाटलीतून तेलकट दोऱ्यांसारखं काहीतरी वळवळत पाण्यात उतरतं. 'बघ! निघालं ग्लिसरीन!' बघणाऱ्यांचे डोळे विस्फारतात आणि करणारा त्या रात्रीपुरता सायंटिस्ट होतो.

आता गंमत अशी, की बिअरमध्ये ग्लिसरीन असतंच. कुणी घालावं लागत नाही. साखरेचं अल्कोहोल करता करता यीस्ट थोडं ग्लिसरॉल आपणहून तयार करते, लिटरमागे साधारण एक-दोन ग्रॅम. पण ग्लिसरॉल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळतं. एकदा विरघळलं की पोह्यातून मोहरी वेचावी तसं ते वेचून बाहेर काढता येत नाही, आणि बाटली उलटी केल्याने तर नाहीच नाही. मग ते दोरे कसले? ती बिअरच असते! अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असलं तरी बिअरमध्ये यीस्टला न पचलेल्या साखरा उरलेल्या असतात. त्यामुळे तिची डेन्सिटी पाण्यापेक्षा किंचित जास्त, १.०१ च्या जवळपास भरते. जड द्रव वर आणि हलका खाली अशी अवस्था टिकत नाही. बिअर खाली येते, तिच्या जागी पाणी वर चढतं. दोघांचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स वेगळा, म्हणून जिथे ते मिसळतात तिथे प्रकाश वाकतो आणि दोरे दिसतात. तापलेल्या डांबरी रस्त्यावर हवा थरथरताना दिसते, तोच प्रकार.

विश्वास बसत नसेल तर आजच रूमवर करून बघा, रेक्टर सरांसमोर केलंत तरी चालेल. छोट्या बाटलीत चार चमचे साखर विरघळवलेलं पाणी भरा आणि साध्या पाण्याच्या ग्लासात ती उलटी करा. हुबेहूब तसेच दोरे उतरतील. साखरेच्या पाण्यात तर कुणी ग्लिसरीन घातलं नव्हतं! या सगळ्या कसरतीनंतर बाटलीत उरतं काय, तर नळाचं पाणी मिसळलेली पातळ बिअर.

दुसरा समज जास्त सभ्य वाटतो, आणि तो जगभर आहे. एकदा गार केलेली बिअर पुन्हा गरम होऊ दिली की ती 'मेली', परत गार करून उपयोग नाही. याचं उत्तर आम्हाला ब्रुअरीत डोळ्यांसमोर दिसलं. भरलेल्या, बूच लावलेल्या गार बाटल्या एका लांबलचक बोगद्यात शिरतात. आत त्यांच्यावर आधी कोमट, मग गरम पाण्याचे फवारे पडतात, आतली बिअर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते, तिथे ठरावीक मिनिटं राहते आणि पुन्हा टप्प्याटप्प्याने थंड होते. हे टनेल पाश्चरायझर. लुई पाश्चरने बिअरवरचं आपलं पुस्तक १८७६ साली काढलं. त्याच्याच नावाने आजही हिशोब होतो, ६० अंशाला एक मिनिट म्हणजे एक पाश्चरायझेशन युनिट. म्हणजे अशा बोगद्यातून आलेली प्रत्येक बाटली दुकानात पोचायच्या आधीच गार-गरम-गार होऊन आलेली असते. त्यानेच जर ती मरत असती, तर कारखान्यातून मढीच बाहेर पडली असती.

मग उष्णतेने काहीच होत नाही का? होतं ना! पण चढ-उताराने नव्हे, एकूण किती वेळ किती तापमानात गेला याने होतं. आऱ्हेनियसचं समीकरण सगळ्यांनी पाठ केलंय, वापरतो कोण? ढोबळमानाने दर १० अंशांना रिअॅक्शनचा वेग दुप्पट धरा. फ्रिजच्या ५ अंशांपेक्षा ३५ अंशांच्या गोदामात बिअर दोनाचा तिसरा घात, म्हणजे आठपट वेगाने म्हातारी होणार. तिप्पट धरलात तर सत्तावीसपट. हे बँकेच्या पासबुकासारखं आहे. उन्हात घालवलेला प्रत्येक तास खात्यातून वजा होतो. फ्रिजमध्ये परत ठेवल्याने वजा झालेलं परत जमा होत नाही, पण पुढचं वजा होणं मंदावतं. त्यामुळे 'एकदा गरम झालीच आहे, आता बाहेरच राहू दे' हे सगळ्यात उलटं शहाणपण.

या धंद्यात एक ३-३०-३०० चा नियम सांगतात. ३२ अंशांना ३ दिवस, २२ अंशांना ३० दिवस आणि ३ अंशांना ३०० दिवस, तिन्हीकडे बिअर सारखीच शिळी होते. कागद-पेन्सिल घेऊन तपासलं तर २२ ते ३२ या दहाच अंशांत वेग दहापट होतो, आणि ३ ते २२ या एकोणीस अंशांतही दहापटच. आऱ्हेनियस साहेबांना हे काही पटणार नाही. आकडे तोंडात बसावेत म्हणून जुळवलेले दिसतात. पण दिशा बरोबर आहे, आणि आपल्याकडच्या मे महिन्याचा विचार केला की छातीत धस्स होतं. सोलापूर-जळगावकडे बंद टेम्पोत क्रेट दिवसभर उभे असतील तर काय होत असेल!

एक कबूल करायला हवं, गार-गरमच्या समजुतीत कणभर तथ्य आहे. बिअर गार केली की तिच्यातली प्रोटीन्स आणि पॉलिफेनॉल्स एकमेकांना चिकटतात आणि ती किंचित गढूळ दिसते. गरम झाली की परत स्वच्छ. हे पुनःपुन्हा झालं की तो गढूळपणा कायमचा बसतो. पण ही दिसण्यातली गोष्ट झाली.

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. बसमध्ये मेकॅनिकलचा एक पाहुणा मित्र ठासून म्हणाला, 'बाटलीत हवा जाणं शक्यच नाही. आत कार्बन डायऑक्साइडचं दोन-तीन अॅटमॉस्फिअर प्रेशर, बाहेर एक. गळालं तर बाहेर गळेल, आत कसं येईल?' बसमधली निम्मी जनता माना डोलावत होती. वरवर बघता बिनतोड वाटतं. पण डाल्टन काय म्हणतो? प्रत्येक गॅस आपलं आपलं बघतो! बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचं पार्शियल प्रेशर ०.२१ अॅटमॉस्फिअर, बाटलीत जवळजवळ शून्य. ऑक्सिजनच्या दृष्टीने बाहेर डोंगर आणि आत दरी. आत कार्बन डायऑक्साइड कितीही दाटलेला असो, बुचाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ अस्तरातून ऑक्सिजन हळूहळू डिफ्यूज होत आत येणारच. त्याच वेळी त्याच अस्तरातून कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडत असतो. दोघे एकाच दारातून उलट दिशांनी जातात, धक्काबुक्की न करता. फिकचा नियम व्हायवामध्ये विचारला तर हे उदाहरण द्या.

आणि ऑक्सिजन हाच खरा शत्रू. शिळ्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो असं जाणकार सांगतात. त्याला कारणीभूत असलेलं ट्रान्स-२-नॉनेनाल हे संयुग १९७० साली ओळखलं गेलं. पुढे कळलं की शिळेपणामागे आणखी बरीच संयुगं आहेत, पण ऑक्सिजन आणि उष्णता हे दोघे जवळपास सगळ्यांच्या पाठीशी आहेत. म्हणून ब्रुअरीत हवेशी जी लढाई चालते ती बघण्यासारखी असते. रिकामी बाटली आधी व्हॅक्यूमने ओढून घेतात, मग कार्बन डायऑक्साइडने भरतात, परत ओढतात, परत भरतात, आणि मगच बिअर सोडतात. बूच बसायच्या क्षणभर आधी बाटलीच्या तोंडात गरम पाण्याची केसासारखी बारीक धार मारतात. बिअर फसफसून वर येते, फेस मानेतली उरलीसुरली हवा बाहेर ढकलतो आणि त्या फेसावरच बूच दाबलं जातं. आम्हाला आधी वाटलं की मशीन बिघडलंय आणि बिअर वाया चाललीये! साहेब हसले, म्हणाले, फेस आला नाही तर मशीन बिघडलं समजायचं.

तो बिल्ला, लहानपणी आपण रस्त्यावरून गोळा करायचो तोच, काही साधी वस्तू नाही बरं का. अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने १८९२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आज त्याला २१ दाते असतात, मोजून बघा. आणि या बिल्ल्यामुळेच 'बाटली आडवी ठेवावी, वाइनसारखी' हा सल्लाही निकालात निघतो. वाइनचं बूच झाडाच्या सालीचं असतं, ते सुकून आक्रसू नये म्हणून बाटली आडवी ठेवतात. पत्र्याच्या बिल्ल्याला कसलं आक्रसणं? बिअर उभीच बरी. तळाशी यीस्टचा गाळ असलेल्या प्रकारांत तर तो गाळ तळालाच बसलेला चांगला.

राहिला उजेड. बाटल्या तपकिरी का असतात, हे मी बसमध्ये विचारलं. उत्तरं आली, 'स्टाइल आहे', 'आतला कचरा दिसू नये म्हणून'. मेडिकलमधल्या खोकल्याच्या औषधाची बाटली तपकिरी का असते, हे विचारल्यावर जरा शांतता पसरली.

बिअरला कडूपणा येतो हॉप नावाच्या वेलीच्या फुलांतून, त्यातल्या आयसोह्युम्युलोन या गटातल्या संयुगांमुळे. ही संयुगं स्वतः दिसणारा प्रकाश शोषत नाहीत. पण बिअरमध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे आपलं बी-टू व्हिटॅमिन. ते निळा प्रकाश आवडीने शोषतं आणि ती ऊर्जा वापरून आयसोह्युम्युलोनची मोडतोड करतं. तुटलेला तुकडा गंधक असलेल्या संयुगांशी जुळतो आणि तयार होतं ३-मिथाइल-२-ब्यूटीन-१-थायॉल. ही साखळी नेमकी कशी घडते, याचे थेट पुरावे बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातल्या आणि अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २००१ साली मांडले. थायॉल म्हटलं की आपल्याला ओळखीचा वास म्हणजे गॅस सिलिंडरचा. गळती कळावी म्हणून एलपीजीत मुद्दाम घालतात ते इथाइल मरकॅप्टन याच खानदानातलं. अमेरिकेत स्कंक नावाचा एक प्राणी शत्रूवर घाण वासाचा फवारा मारतो. त्या फवाऱ्यातल्या एका थायॉलमध्ये आणि आपल्या बिअरवाल्या थायॉलमध्ये फरक फक्त एका डबल बाँडचा आहे. सख्खे भाऊच!

आणि नाक किती तिखट असतं बघा. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम असलं तरी कळतं. १० नॅनोग्रॅम धरू. २५ लाख लिटरच्या ऑलिम्पिक स्विमिंग पूलला पुरायला २५ मिलिग्रॅम लागेल, म्हणजे आमटीत टाकतो त्या चिमूटभर मिठापेक्षाही कितीतरी कमी.

इथे दोन गैरसमज एकमेकांच्या हातात हात घालून उभे आहेत. पहिला, 'काच यूव्ही अडवते, मग काय भीती?' काच यूव्हीचा बराच भाग अडवते हे खरं, पण इथला गुन्हेगार यूव्हीपुरता नाही, ३५० पासून ५०० नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे दिसणाऱ्या निळ्यापर्यंत पसरलेला आहे. दुसरा, 'ऊन लागलं तरच.' दुकानातल्या काचेच्या फ्रिजमध्ये रात्रंदिवस दिवे जळतात. ट्यूबलाइटमधल्या पाऱ्याच्या दोन रेषा ४०५ आणि ४३६ नॅनोमीटरला पडतात. पांढऱ्या एलईडीचं निळं शिखर ४५० च्या आसपास, म्हणजे रायबोफ्लेविनला नेमकं जिथे हवं तिथे! तपकिरी काच यातलं बहुतेक सगळं अडवते. हिरवी काच दिसायला रुबाबदार, पण निळ्याचा बराच वाटा आत सोडते. पांढरी तर उघडं दारच, कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. मग काही कंपन्या पांढऱ्या बाटलीत बिअर विकतात ती कशी? त्यातल्या काही जण हॉपचा अर्क केमिकली बदलून घेतात, जिथून रेणू तुटतो तो दुवाच हायड्रोजन देऊन बदलतात. हे रायबोफ्लेविन दुधातही असतं, आणि पारदर्शक बाटलीतलं दूध उजेडात ठेवलं की त्याचीही चव याच वाटेने बिघडते. मेसच्या काउंटरवर काचेच्या जारमध्ये सकाळी सात ते दहा दूध उन्हात असतं, मेस कमिटीने याची नोंद घ्यावी.

'जुनी बिअर जास्त चढते' आणि 'जुनी बिअर विष होते' ही दोन वाक्यं मी एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांत ऐकली. दोन्ही चूक. पाश्चराइज केलेल्या बिअरमधली यीस्ट मेलेली असते, अल्कोहोल वाढवणार कोण? आणि ४ ते ४.५ पीएच, अल्कोहोल, हॉप, ऑक्सिजनचा दुष्काळ, इतक्या अडचणींत रोगजंतू संसार थाटत नाहीत. तारीख उलटलेल्या सीलबंद बिअरची चव जाते, माणूस जात नाही. माणसं जातात ती मिथेनॉलने, आणि ते साठवणुकीतून येत नाही, बेकायदा दारूत कुणीतरी ओतलेलं असतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर लोक गेले ते त्याने. 'शिळी झाली होती' असं म्हणून त्या दोन गोष्टींची सरमिसळ करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आता धोक्याचं. फ्रीझर. 'दहा मिनिटं टाक' म्हणून टाकलेली बाटली विसरली जाते. साधारण पाच टक्के अल्कोहोलची बिअर उणे दोन-अडीच अंशांना गोठू लागते, आणि घरच्या फ्रीझरमध्ये असतात उणे १८. पाण्याचं बर्फ होताना ते नऊ टक्के फुगतं, बाटलीच्या मानेतली मोकळी जागा त्याच्या निम्मीही भरत नाही. शिवाय बर्फात कार्बन डायऑक्साइडला थारा नसतो, तो उरलेल्या द्रवातून बाहेर पडून दाब वाढवतो. बाटली तडकते, कधी दार उघडून हात घातल्यावर. पटकन गार करायचं तर फ्रीझरपेक्षा बादलीभर बर्फ-पाणी बरं, वर मूठभर मीठ. नुसता बर्फ नको, पाणी हवंच. स्थिर हवेचा हीट ट्रान्सफर कोइफिशिअंट पाच-दहा, पाण्याचा शेकड्यात, आणि नुसत्या बर्फाच्या खड्यांमध्ये हवाच भरलेली असते. गॅदरिंगच्या कोल्ड्रिंक्सना हे वापरा, गेल्या वर्षी स्टेजमागे सगळ्यांनी कोमट सोडा प्यायलाय.

तापलेली बाटली त्याहून वाईट. बिअरमध्ये साधारण अडीच व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड असतो. पाण्यातल्या विद्राव्यतेचे आकडे घेऊन हेन्रीच्या नियमाने मी दाब काढले. ५ अंशांना पावणेदोन अॅटमॉस्फिअर, २० अंशांना पावणेतीनच्या वर, ४० अंशांना पावणेपाच. बिअरसाठी थोडं इकडेतिकडे होईल, चित्र तेच राहील. त्यात आपल्याकडची ६५० मिलीची बाटली बहुधा पहिल्यांदा भरलेली नसते. भंगारवाल्याकडून ती परत येते, कॉस्टिकने धुतली जाते आणि पुन्हा भरली जाते. किती फेऱ्या झाल्या ते बाटलीच्या खांद्यावर आणि तळाशी पांढरट घासलेला पट्टा असतो त्यावरून कळतं. पट्टा जितका रुंद तितक्या जास्त फेऱ्या, आणि तितके काचेवर ओरखडे. ओरखडा म्हणजे स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन, मटेरियल सायन्सचं पहिलंच युनिट. ब्रुअरीत फिलिंग मशीनवर काम करणारे सगळे चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून उभे होते. आम्ही आत असताना एक बाटली फुटली, पत्र्याच्या आड. आवाज टिकलीच्या बंदुकीसारखा नव्हता, सुतळी बॉम्बसारखा होता. त्यांच्यातल्या कुणी मान वळवूनही बघितलं नाही.